नहर : एका शब्दाचा प्रवास



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते सर वर्गात संस्कृत शिकवीत आणि घरी सकाळी उर्दू वर्तमानपत्र वाचीत. हैदराबादेतील मराठी माणसाला यात नवल वाटत नसे. या शहरात आपल्या वडीलधाऱ्यांनी कोर्टकचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू, देवघरात संस्कृत आणि माजघरात मराठी अशा चार भाषा चार खोल्यांसारख्या वापरल्या. तेव्हा त्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एकच शब्द निवडला आहे. तो शब्द 'नहर'.

निवडीमागे एक जुने कारणही आहे. मी प्रबंध लिहीत असताना मराठवाड्यातील पाणीपुरवठ्याचा उल्लेख करणाऱ्या एका वाक्यात 'नहर' हा शब्द वापरला होता. परीक्षकांपैकी एका विद्वानांनी त्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'परकी शब्द. शुद्ध मराठी कालवा.' शेरा सौम्य होता, हेतूही चांगला होता. पण त्या दोन छोट्या वाक्यांत दोन मोठी गृहीतके होती : नहर परकी आहे, आणि कालवा आपला आहे. ही दोन्ही गृहीतके कितपत टिकतात हे आज पाहावयाचे आहे. हैदराबाद, बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणच्या मराठीला 'भेसळीची मराठी' म्हणून हिणवले जाते, त्या निवाड्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

प्रथम मूळ शब्द. अरबीत 'नह्र' म्हणजे नदी. शब्द पुल्लिंगी असून त्याचे अनेकवचन 'अन्हार'. अरबीतील बहुतेक शब्दांप्रमाणे तोही तीन व्यंजनांच्या धातूवर उभा आहे : न्, ह्, र्. या धातूचा एक अर्थ विपुल वाहणे असा आहे. अरबीत 'नह्र' याबरोबरच 'नहर' असे दुसऱ्या व्यंजनावर स्वर असलेले रूपही आहे आणि कुराणात एके ठिकाणी तेही येते. म्हणजे आपण हिंदी-मराठीत 'नहर' म्हणतो तो उच्चार अगदीच अशिक्षितांचा बिघाड नव्हे. अर्थात आपल्याकडे तो स्वर अरबी व्याकरणामुळे आलेला नाही. शब्दाच्या शेवटी 'ह' आणि 'र' यांचे जोडाक्षर आपल्या जिभेला पेलत नाही, म्हणून आपण मध्ये 'अ' घालतो. 'शह्र' चे शहर, 'जह्र' चे जहर, 'कह्र' चा कहर, त्याच न्यायाने 'नह्र' ची नहर.

येथेच एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. अरबीत दोन वेगळे 'ह' आहेत, एक साधा आणि एक घशातून येणारा. नदीवाचक शब्दातील 'ह' साधा आहे. घशातल्या 'ह' चा दुसरा 'नह्र' आहे, त्याचा अर्थ गळ्याचा खालचा भाग, आणि त्यावरून पशूचा बळी देणे. हज यात्रेच्या महिन्यातील दहाव्या दिवसाला 'बळीचा दिवस' म्हणतात, तेथे हा दुसरा शब्द आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. लिपी एक झाली म्हणून शब्द एक होत नाहीत, हे व्युत्पत्ती शोधणाऱ्याने पहिल्याच दिवशी शिकावे लागते.

आता 'प्रसार' या शब्दाकडे वळू. एखादा शब्द अनेक भाषांत आढळला की आपण सहज म्हणतो, तो या भाषेतून त्या भाषेत पसरला. पण शब्द दोन रीतींनी अनेक घरांत सापडतो. एक वारशाने, दुसरी उसनवारीने. मराठीत 'हात', हिंदीत 'हाथ', गुजरातीत 'हाथ' आहे. यांपैकी कोणी कोणाकडून घेतलेला नाही, तिघांना तो संस्कृत-प्राकृतातून वाटणीने मिळाला. उलट 'शहर' आपण फारसीकडून घेतले. अरबी 'नह्र' च्या बाबतीत या दोन्ही कथा आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळा घोटाळा होतो.

वारशाची कथा फार जुनी आहे. अरबी, हिब्रू, अरमाईक आणि प्राचीन इराकची अक्कादी या सेमिटिक कुळातील बहिणी. हिब्रूत नदी 'नाहार', अरमाईकात 'नहरा', अक्कादीत 'नारु'. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे १९२९ पासून ज्या मातीच्या विटा निघाल्या, त्यांतील उगारिती भाषेतही तोच शब्द न्-ह्-र् या तीन व्यंजनांनी लिहिलेला सापडला. अक्कादीत 'ह' गेला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला, 'नह्र' चे 'नार' झाले. आपल्याला ही प्रक्रिया अनोळखी नाही. 'सप्त' चे 'सत्त' झाले, मग एक 'त' गळाला आणि त्याची किंमत म्हणून 'अ' चा 'आ' होऊन 'सात' झाले. व्यंजन जाते, त्याचा काळ स्वराच्या खात्यावर जमा होतो. भाषेचा हिशेब बहुधा चोख असतो.

अक्कादी 'नारु' चा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. तो शब्द नदीलाही लागतो आणि खोदलेल्या कालव्यालाही. दक्षिण इराकच्या सपाट मैदानात पाऊस अगदी थोडा. तेथील शेती सगळी तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या पाण्यावर, आणि ते पाणी शेतापर्यंत न्यायचे तर खोदकाम अटळ. पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेला कालवा नदीसारखा दिसू लागतो, आणि पात्र सोडून गेलेल्या नदीचा उरलेला ओघ कालव्यासारखा. तेथल्या माणसाने दोघांना एकच नाव दिले यात आश्चर्य नाही. पुढे हिंदुस्थानात 'नहर' चा अर्थ कालवा एवढाच उरला तेव्हा पुष्कळांनी त्याला अर्थसंकोच म्हटले. तो संकोच खराच, पण त्याचे बी चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीत होते. अक्कादीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. अरबीत आणि हिब्रूत तो पुल्लिंगी, आणि हिंदी-उर्दूत पुन्हा स्त्रीलिंगी. या शेवटच्या बदलाचा अक्कादीशी काही संबंध नाही. आपल्याकडे नद्या बायका असतात, एवढेच त्याचे कारण असावे.

नदी ही त्या लोकांना केवळ पाण्याची वाट नव्हती. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील कायद्यांत दुसरेच कलम असे आहे की एखाद्यावर जादूटोण्याचा आरोप आला आणि पुरावा नसला तर आरोपीने नदीत उडी घ्यावी. बुडाला तर त्याचे घर आरोप करणाऱ्याचे. तरला तर आरोप करणाऱ्याला मृत्युदंड आणि त्याचे घर आरोपीला. तेथे नदीच्या नावाआधी देवतावाचक चिन्ह लिहिलेले आहे, कारण ती न्यायासनावर बसलेली आहे. उगारितच्या पुराणकथांत बाल या देवाचा शत्रू यम्म, म्हणजे समुद्र, याला दुसरे नाव आहे : 'न्यायाधीश नहर'. आपल्या याज्ञवल्क्यस्मृतीत दिव्यांमध्ये जलदिव्य सांगितले आहे, त्याची येथे आठवण होते. मात्र साम्य दिसले की लगेच नाते जोडण्याचा मोह आवरावा. पाण्याजवळ राहणाऱ्या माणसांना स्वतंत्रपणेही सारखे सुचू शकते.

हिब्रूत 'नाहार' सामान्यनाम आहे, पण त्याला निश्चयवाचक उपपद लागून 'ती नदी' असे म्हटले की पुष्कळदा एकच नदी अभिप्रेत असते : युफ्रेटिस. आपल्याकडील दोन उदाहरणे ठेवून हे पाहा. वेदातील 'सिंधू' म्हणजे नदी आणि तीच एका विशिष्ट नदीचे नावही. पुढे संस्कृतात त्याचा अर्थ समुद्रही झाला. उलट मराठवाड्यात गोदाकाठचा माणूस आजही गोदावरीला 'गंगा' म्हणतो, तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी म्हणतो. सिंहलीत तर 'गंग' म्हणजे कोणतीही नदी. एके ठिकाणी सामान्यनाम विशेषनाम होते, दुसरीकडे विशेषनाम सामान्यनाम. मनुष्य ज्या पाण्याच्या काठी जन्मतो तेच त्याला 'नदी' वाटते.

युफ्रेटिसवरूनच भूगोलातील एक मोठे घराणे जन्माला आले. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या सुमाराचे मिसरी लेख मितान्नीच्या मुलखाला 'नहरिन' म्हणतात. मिसरी माणसांना ही नदी विलक्षण वाटली, कारण त्यांची नील दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि ही उलट. पहिल्या थुतमोसच्या शिलालेखात तिचे वर्णन उलटे फिरलेले पाणी अशा अर्थाने आले आहे. हिब्रूत त्या मुलखाला 'अराम-नाहारायिम' म्हणतात. त्यातील शेवटचा प्रत्यय द्विवचनासारखा दिसतो. अरमाईकात 'बेथ नहरिन' आणि अरबीत 'बैन अन्-नहरैन', दोन नद्यांमधला प्रदेश. ग्रीकांनी त्याचेच मेसोपोटेमिया केले. संस्कृतचे द्विवचन आपण मराठीत हरवून बसलो, अरबीत ते आजही नांदते आहे. फारसीचा दुआब याच कल्पनेचा, आणि रायचूर दुआब म्हटले की कृष्णा-तुंगभद्रेमधला आपल्या शेजारचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. फरक एवढाच की 'दुआब' मधील 'दु' आणि 'आब' हे संस्कृत 'द्वि' आणि 'अप्' यांचे सख्खे नातेवाईक आहेत.

दुसरे घराणे 'नदीपलीकडच्या' नावांचे. इराणच्या अखमेनी सम्राटांचा पश्चिमेकडील प्रांत अरमाईकात 'अबर-नहरा' म्हणून ओळखला जाई, बाबिलोनी लेखांत 'एबेर-नारी'. अर्थ, नदीच्या पलीकडचा प्रदेश, म्हणजे युफ्रेटिसच्या पश्चिमेचा सीरिया-पॅलेस्टाईन. हजार-बाराशे वर्षांनी अरब सैन्ये खुरासानातून आमू दर्या ओलांडून समरकंद-बुखाऱ्याकडे गेली आणि त्यांनी त्या मुलखाला नाव दिले 'मा वराअन्-नह्र', जे नदीच्या पलीकडे आहे ते. शब्द तोच, रचना तीच, नदी मात्र वेगळी आणि दिशाही वेगळी. 'पलीकडे' हे बोलणारा कोठे उभा आहे यावर ठरते. बुखाऱ्याच्या माणसासाठी तो प्रदेश अलीकडचाच होता, पण नाव राहिले ते बाहेरून आलेल्यांनी ठेवलेले.

वारशाच्या कथेतील मला सर्वांत आवडणारे उदाहरण एका कालव्याचे आहे. युफ्रेटिसमधून निघून तैग्रिसकडे जाणारा एक मोठा कालवा बाबिलोनी काळात 'नार शर्री', राजाचा कालवा, म्हणून प्रसिद्ध होता. अरमाईकात तो 'नहर मल्का' झाला. ग्रीक-रोमन लेखकांनी ऐकून 'नारमाल्खा' लिहिले. अरबांच्या काळात तोच 'नह्र अल-मलिक'. राज्ये चार बदलली, भाषा बदलल्या, राजा या अर्थाचा शब्दसुद्धा बदलला, 'शर्रु' जाऊन 'मलिक' आला. 'नह्र' मात्र जागचा हलला नाही. लेबनानात बैरूतच्या उत्तरेस 'नह्र अल-कल्ब', कुत्र्याची नदी, समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळच्या खडकांवर मिसरचा दुसरा रामसेस, असीरियाचा एसरहद्दोन, बाबिलोनचा नेबुखद्‌नेझर येथपासून विसाव्या शतकातील फ्रेंच सैन्यापर्यंत जो आला त्याने आपला लेख कोरला आहे. त्यांपैकी असीरियन आणि बाबिलोनी माणसांनी त्या ओघाला 'नारु' म्हटले असणार, आणि आजचा वाटाड्या 'नह्र' म्हणतो.

येथे थोडे थांबून खोट्या नातेवाइकांची हजेरी घेतो, कारण व्याख्यानानंतर प्रश्न येतीलच. अक्कादी 'नारु' आणि 'नारायण' शब्दाच्या पारंपरिक व्युत्पत्तीतील पाणी या अर्थाचा 'नार' यांचे साम्य पाहून अनेकांना चमत्कार वाटतो. तो योगायोग आहे. अक्कादीतील 'आ' हा 'ह' लोपल्यामुळे आलेला, हे आपण पाहिलेच. संस्कृत 'नार' मध्ये असा कोणताही 'ह' कधी नव्हता. गोव्यातील श्रोत्यांना कोकणी 'न्हंय' आठवेल. तिचाही अर्थ नदी आणि तिच्यातही 'न' नंतर 'ह' ऐकू येतो. पण 'न्हंय' सरळ 'नदी' ची लेक आहे, प्राकृत 'णई' तिची आई. आपली 'न्हाणी' ही स्नानाची. आणि हैदराबादेत बसून निहारीचा उल्लेख टाळता येणार नाही. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस, त्यावरून सकाळी खाण्याची ती निहारी असे सांगतात. पण फारसीत 'नाहार' म्हणजे काही न खाल्लेला, उपाशी. त्यातील 'ना' नकाराचा आणि 'आहार' आपल्या ओळखीचा. 'निहार मुँह' औषध घ्या असे हकीम सांगत, ते याच अर्थाने. रिकाम्या पोटी सकाळी घ्यायचा पदार्थ ही दुसरी व्युत्पत्ती मला अधिक जवळची वाटते. म्हणजे निहारीचे नाते नदीपेक्षा आपल्या निराहार एकादशीशी अधिक आहे, खाणाऱ्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

आता उसनवारीची कथा. अरबी राज्यविस्ताराबरोबर 'नह्र' फारसीत गेला, तेथून तुर्कीत. तुर्कीत त्याचे 'नेहिर' झाले. तेथेही जोडाक्षर जड गेले म्हणून मध्ये 'इ' आली. गंमत अशी की त्याला स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की ती 'इ' पुन्हा निघून जाते, युफ्रेटिस नदी म्हणायचे तर 'फिरात नेह्‌री'. १९३२ मध्ये तुर्की भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्द काढून देशी शब्द रुजवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. नदीसाठी 'इर्माक' हा देशी शब्द होताच. तरीही 'नेहिर' गेला नाही, उलट मुलींचे नाव म्हणून तो आज आवडीने ठेवला जातो. शासन कोशातून शब्द काढू शकते, बारशातून काढणे तितके सोपे नाही.

फारसीत त्याला वेगळेच भाग्य लाभले. नदीसाठी फारसीत 'रूद' होता, 'दर्या' होता. मोठ्या वाहत्या पाण्याची जागा भरलेली होती, म्हणून 'नह्र' ने धाकट्या ओघाची आणि खोदलेल्या पाटाची जागा घेतली. 'दर्या' ची कथाही सांगण्यासारखी आहे. फारसीत त्याचा मुख्य अर्थ समुद्र, मध्य आशियात आणि पंजाबात नदी, आणि आपल्या कोळ्यांच्या तोंडी पुन्हा समुद्रच. अरबीतही 'बह्र' म्हणजे समुद्र, पण मिसरी माणूस नीललाही 'बह्र' म्हणतो, आणि दक्षिण सुदानातील नीलच्या एका उपनदीचे नाव 'बह्र अल-गझाल' असे आहे. गझलच्या वृत्तालाही 'बह्र' म्हणतात, त्यातही तोच समुद्र.

स्पेनमध्ये अरब सातशेहून अधिक वर्षे राहिले. तेथे मात्र 'नह्र' रुजला नाही. नद्यांच्या नावांत टिकला तो 'वादी' : ग्वादलकिविर म्हणजे 'अल-वादी अल-कबीर', मोठी वादी. पाटबंधाऱ्यांच्या शब्दांत 'असेकिया' हा पाटवाचक शब्द 'अस्-साकिया' वरून, आणि रहाटवाचक 'नोरिया' हा 'नाऊरा' वरून. शब्दांच्या प्रवासात असा कौल लागतो आणि त्यामागे प्रत्येक वेळी नियम सापडतोच असे नाही.

हिंदुस्थानात 'नहर' आली ती राजाज्ञा आणि खोदकाम यांच्या संगतीने. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने यमुनेचे पाणी हिसारकडे नेले. पुढे शाहजहानच्या काळात तो जुना कालवा दुरुस्त होऊन पाणी दिल्लीपर्यंत आले, लाल किल्ल्यातील महालांमधून वाहिले, आणि त्या ओघाला 'नहर-ए-बिहिश्त', स्वर्गाची नहर, हे नाव मिळाले. त्या नावामागे कुराणातील स्वर्गाचे वर्णन आहे, जेथे उद्यानांखालून 'अन्हार' वाहतात. म्हणजे धर्मग्रंथातील नदी बादशहाच्या महालात संगमरवरी पाट होऊन आली. इंग्रजांनी गंगेचा कालवा १८५४ मध्ये सुरू केला तो हिंदीत 'गंग नहर' झाला, आणि राजस्थानातील वाळवंटात 'राजस्थान नहर' आली, जी १९८४ नंतर इंदिरा गांधी नहर झाली. नदीसाठी देशात 'नदी' हा शब्द कोट्यवधींच्या तोंडी होताच, पाहुण्याला ती जागा मिळणे शक्य नव्हते. घरात जी वस्तू नवी, तिच्यासोबत आलेले नाव टिकते. म्हणून नदीचा शब्द कालव्याचा झाला.

आणि आता त्या तांबड्या रेघेकडे. 'कालवा' हा शब्द कोठला? कन्नडात 'कालुवे', तेलुगूत 'कालुव', तमिळात 'काल्वाय्'. दक्षिणेच्या या तीन भाषांत तो घट्ट रुजलेला आहे आणि मराठीत तो तिकडूनच आला. बेळगावच्या शेतकऱ्याला किंवा आपल्या येथील तेलुगू शेजाऱ्याला हे सांगावे लागत नाही, त्याला तो ऐकताच आपला वाटतो. शुद्ध म्हणून सुचविलेला शब्द द्राविड निघाला. कोणी म्हणेल, मग 'कॅनॉल' तरी सरळ इंग्रजी आहे. इंग्रजीने तो लॅटिनमधून घेतला, लॅटिनमधील 'कॅनालिस' हा वेत-बोरू या अर्थाच्या 'कॅन्ना' वरून, तो ग्रीकातून, आणि ग्रीकात तो आला सेमिटिक भाषांतून. अक्कादीत 'कनू' म्हणजे बोरू. पोकळ बोरूतून पाणी वाहते, म्हणून नळी, म्हणून पाट. अरबी 'कनात', म्हणजे भुयारी पाण्याची वाट, ही त्याच बोरूची दुसरी फांदी. आणि सरळ बोरूवरून मोजपट्टी, मोजपट्टीवरून नियम, त्यातून ग्रीक 'कनोन' आणि अरबी 'कानून'. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कॅनॉलविषयीचा कानून काढला जातो तेव्हा एकाच बोरूची दोन पेरे एका कागदावर येतात. संस्कृतात 'कुल्या' आहे, पण ती कोशात राहिली, बांधावर उतरली नाही. बांधावर राहिला तो 'पाट'. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधारा, पाट, चारी आणि पाणी सोडणारा पाटकरी ही सगळी शब्दसंपत्ती आजही कामाची आहे.

मराठवाड्यात मात्र 'नहर' हाच शब्द योग्य ठरावा अशी एक वस्तू आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून आणला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने खडकी हे शहर १६१० मध्ये वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने या शहरासाठी जी पाण्याची व्यवस्था केली ती 'नहर-ए-अंबरी'. ती उघडा कालवा नव्हे. हर्सूलकडच्या उंच भागातील जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गात गोळा करायचे, बांधीव नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी आणि साफसफाईसाठी तोंडे ठेवायची, आणि पाणी चढावर न्यायचे असेल तेथे बांधीव स्तंभांच्या साह्याने दाब सांभाळायचा, अशी ती रचना. पाणी झाकलेले असल्याने उन्हाने आटत नाही आणि शत्रूला सहज सापडत नाही. इराणातील कनातीशी तिचे नाते उघड आहे. बिदरचे कारेझ आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही दख्खनच्या परिसरातील तिची भावंडे. पुढे अठराव्या शतकात याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी वेगळ्या नहरेचे पाणी आणून त्यावर पिठाची चक्की चालविली गेली, ती पाणचक्की.

या वस्तूला 'कालवा' म्हटले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे उघडा, मातीचा, शेताला पाणी देणारा पाट उभा राहील. म्हणजे शब्द शुद्ध आणि चित्र चुकीचे. प्रबंधात मी 'नहर' च ठेवली, आणि खाली एक टीप दिली. परीक्षकांनी ती मान्य केली हेही सांगितले पाहिजे.

अरबी जगात मात्र शब्दाने पुन्हा वळण घेतले आहे. इराकने १९९२ मध्ये तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्यामधून साडेपाचशेहून अधिक किलोमीटर लांबीचा खारे पाणी वाहून नेणारा कालवा पूर्ण केला, त्याला 'तिसरी नदी' म्हटले गेले, 'नह्र' च. त्याच दशकात दक्षिणेकडील दलदली कोरड्या पाडण्यात आल्या, आणि २००३ नंतर बांध फोडून त्यांत पुन्हा काही प्रमाणात पाणी शिरले. लिबियाने १९८४ मध्ये वाळवंटाखालचे प्राचीन भूजल किनाऱ्यावरील शहरांकडे नेण्याचे काम सुरू केले. पहिल्या टप्प्याचे पाणी १९९१ मध्ये पोहोचले. ती सगळी व्यवस्था म्हणजे जमिनीत पुरलेले काँक्रीटचे प्रचंड नळ. ना काठ, ना घाट, ना पूर. तिचे अधिकृत अरबी नाव मात्र 'अन्-नह्र अस्-सिनाई अल-अझीम', महान मानवनिर्मित नदी. मलिक अंबरच्या कारागिरांना ती पाहून फारसे नवल वाटले नसते.